छपरावर माणूस चढवणाऱ्यांना जाहीर इशारा

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत छपरांची कामं घेणारे ठेकेदार, त्यांना माणसं पुरवणारे मुकादम, एमआयडीसीतल्या शेडांचे मालक आणि मे महिन्यात घाईघाईने घर शाकारून घेणारे घरमालक, या सगळ्यांना उद्देशून हे लिहीत आहोत. विनंत्या करून झाल्या. पावसाळ्याआधी करून झाल्या, पावसाळ्यानंतर करून झाल्या, माणूस पडल्यावरही करून झाल्या. आता मुदत देतो. येत्या ३१ मार्चपर्यंत पुढे लिहिलेल्या अटी लेखी मान्य झाल्या नाहीत, तर १ एप्रिलपासून आमच्यातला एकही मिस्त्री तुमच्या शिडीला पाय लावणार नाही. न शिकवलेली पोरं जिथे वर चढवलेली दिसतील, तिथली तक्रार त्याच दिवशी लेखी जाईल. कोणाचा कोण लागतो, कोणाची कोणाशी सोयरीक आहे, हे पाहिलं जाणार नाही.

आम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. पंधरा-वीस गावांत कौलं, पत्रे, वासे-रिपा आणि कैच्या यांतच ज्यांचं आयुष्य गेलं ती आम्ही माणसं. तुमच्या घरांच्या आढ्यावर बसून आम्ही तुमची मुलं मोठी होताना पाहिली आहेत. आमच्याशी तुमचं वैर नाही, आमचंही तुमच्याशी नाही. पण गेल्या काही मोसमांत हा धंदा ज्या वळणाला लागला आहे, ते आम्हाला मान्य नाही आणि यापुढे ते चालूही देणार नाही.

‘माणसं मिळत नाहीत’ ही तुमची तक्रार. ती खरी आहे. आमच्यातल्या अर्ध्याअधिक मिस्त्र्यांनी साठी ओलांडली. त्यांचे मुलगे मुंबई-पुण्याला गेले; जे मागे राहिले त्यांतले कोणी गाडी चालवतात, कोणी हॉटेलात आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सूर्यघर योजना आणली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायचं तिचं उद्दिष्ट आहे. ही पॅनेलं बसवणाऱ्यांना उतारावर तोल सांभाळणारा, हातात ड्रिल धरता येणारा, उंचीला सरावलेला मुलगा लागतो. तो आमच्याकडेच तयार झालेला असतो. तिकडे त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, बूट मिळतात, कामाचं पत्र मिळतं. त्याने का जाऊ नये? आम्ही स्वतः आमच्या भाच्या-पुतण्यांना जा म्हणून सांगितलं आहे.

त्यात मोसमाची अडचण. घर शाकारायचं ते चैत्र-वैशाखात, म्हणजे आंबा उतरवायच्या ऐन दिवसांत आणि लग्नसराईत. मृगाच्या आत सगळ्यांनाच काम उरकून हवं असतं. चाकरमानी मे महिन्यात गावी येतो, वर बघतो, गळकी जागा दाखवतो आणि आठ दिवसांत करून मागतो. एमआयडीसीतला शेडमालक वर्षभर गळतीकडे बघत नाही आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात फोन करतो. तीन महिन्यांत पसरायला हवं ते काम शेवटच्या पाच-सहा आठवड्यांत येऊन पडतं, आणि तेवढे कुशल हात या पट्ट्यात आता उरलेले नाहीत. इथपर्यंत तुमचं-आमचं एकमत आहे.

पुढे तुम्ही जे करता, त्यावरून हा इशारा आहे.

मुकादमाची भरती कशी चालते ते एकदा एसटी स्टँडवर उभं राहून बघा. सकाळी साडेसहाची वेळ. परगावहून, परराज्यातून आलेली पोरं पिशव्या घेऊन बसलेली असतात. मुकादम विचारतो, “वर चढशील काय रे? भीती नाय ना वाटत?” पोरगा म्हणतो, “नाय.” झाली भरती. कुठे काम केलंस, कौल कधी हाताळलंस का, पत्र्यावर चाललायस का, घरी कोण आहे, नाव काय, वय काय, यांतलं काही विचारलं जात नाही. दुपारी तो पोरगा तीस फुटांवर असतो आणि मालकाला सांगितलं जातं की कुशल माणूस लावलाय. बिलातही कुशल माणसाचीच हजेरी लागते. पोराच्या हातात बिगाऱ्याचे पैसे पडतात. मधला फरक कुठे जातो ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही.

जो घाबरत नाही तो छपराच्या कामाचा, ही समजूत आधी डोक्यातून काढा. आमच्या कामात न घाबरणारा माणूस सर्वांत धोक्याचा. जुना मिस्त्री वर जाण्याआधी खालून किती वेळ नुसता बघतो, ते कधी नीट पाहिलंय तुम्ही? आढं कुठे खचलंय, पाखीला पोट कुठे आलंय, कोणत्या वाशाचं टोक काळं पडलंय, शेवाळ कोणत्या अंगाला आहे, हे सगळं तो जमिनीवरूनच वाचतो. मग माळ्यावर जाऊन लोखंडी सळईने वासे टोचून बघतो. वाळवीने पोखरलेला वासा बाहेरून साबूत दिसतो, सळई मात्र लोण्यात शिरावी तशी आत जाते. हे झाल्याशिवाय तो वर पाऊल टाकत नाही. स्टँडवरून उचललेल्या पोराला हे कोण सांगणार? त्याचा मुकादम तर दुसऱ्या साइटवर असतो.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण सर्वांत जास्त माणसं तिथे जातात. हा पत्रा सहा मिलिमीटर जाडीचा. नवा असताना थोडाफार भार पेलतो, पण पंधरा-वीस पावसाळे खाल्लेला पत्रा माणसाच्या वजनाखाली सरळ फुटतो. वाकत नाही, कुरकुरत नाही, आगाऊ सूचना देत नाही. त्याच्यावर पाय ठेवायचा तो फक्त जे-हुकांच्या ओळीवर, कारण त्या ओळीखाली पत्र्याला आधार देणारी आडवी पर्लिन असते. दोन ओळींच्या मधे जवळजवळ दीड मीटर नुसता पत्रा, आणि त्याच्याखाली गोदामाची फरशी. उजेडासाठी मधे मधे बसवलेले फायबरचे पारदर्शक पत्रे याहून घातक. दहा वर्षांची धूळ आणि शेवाळ बसलं की त्यांचा रंग सिमेंटच्या पत्र्यासारखाच होतो, वरून दोन्हींतला फरक ओळखू येत नाही. सहा मीटर उंचीवरून माणूस खाली पोचायला सेकंदाहून जेमतेम थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात कोणी हात धरू शकत नाही.

याचा उपाय अवघड नाही आणि महागही नाही. आडव्या पट्ट्या ठोकलेल्या रुंद फळ्या लागतात, निदान दोन, म्हणजे एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवता येते. फळी दोन पर्लिनींवर टेकलेली असली पाहिजे. अंगभर पट्ट्यांचा बेल्ट लागतो, आणि त्याचा दोर पक्क्या जागी बांधलेला लागतो. कंबरेला नुसता पट्टा लटकवून फोटो काढण्यापुरता तो बेल्ट नव्हे. पडणाऱ्याला कंबरेचाच पट्टा धरून ठेवतो तेव्हा त्याचा मणका जातो. शेडमध्ये आतून जाळी लावता येते. शिडी भिंतीला टेकवताना चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर ठेवायचा, टोक वळचणीच्या वर तीन फूट काढायचं आणि बांधायचं. या गोष्टी तुम्हाला ठाऊक नाहीत, असं म्हणायला जागा नाही. इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला आणि १९९८ च्या केंद्रीय नियमांत उतरत्या छपरावर काम कसं करायचं, फळ्या कशा लावायच्या हे लिहून ठेवलं आहे. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यातल्या ३२ व्या कलमात, माणूस पडू शकेल अशा उंचीवर काम असेल तर आडोसा किंवा दुसरी सोय करा, असं स्पष्ट म्हटलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत किती पिढ्या शेडांवर चढल्या ते मोजा.

गेल्या मोसमात आमच्या भागातल्या एका गोदामावर एक पोरगा फायबरच्या पत्र्यातून खाली गेला. वय एकोणीस. कामावर येऊन तिसरा दिवस. पायात रबरी चप्पल होती, ती वर पत्र्यावरच राहिली. आमच्यातले दोघं शेजारच्या शेडवर होते, त्यांनी उतरून त्याला रिक्षात घातलं. नाव विचारलं तर सोबतच्या पोरांना त्याचं फक्त हाक मारायचं नाव माहीत होतं. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘नवीन’ एवढंच लिहिलेलं. त्याच्या घरचा फोन नंबर मिळेपर्यंत रात्र झाली. त्या मालकाचं आणि ठेकेदाराचं नाव आम्ही इथे घेत नाही, कारण हे एका मालकापुरतं नाही. पण पुढच्या वेळी नाव घेतलं जाईल, आणि ते तक्रारअर्जात घेतलं जाईल.

असा माणूस गेला की काय होतं, तेही सांगून टाकू. ‘पाय घसरून पडला’ असं लिहिलं जातं. गावाहून बाप किंवा भाऊ येतो. त्याच्या हातात काही रोकड ठेवतात, ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतात आणि अंत्यविधीच्या खर्चासह त्याला परत पाठवतात. मिटलं, असं तुम्ही समजता. मिटत नाही. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिलेली रीत अशी की मृत कामगाराची भरपाई सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. घरच्यांच्या हातात परस्पर पैसे ठेवून ती भरपाई फिटत नाही. तुम्ही घेतलेल्या सहीला तिथे किंमत नाही. हिशेबही ठरलेला आहे. महिन्याचं वेतन १५,००० धरलं तर त्याचं निम्मं ७,५००. पंचविसाव्या वर्षी गेलेल्या कामगाराला कायद्याच्या कोष्टकातला आकडा लागतो २१६.९१. गुणाकार करा: १६ लाख २६ हजार ८२५ रुपये. काम मालकाच्या धंद्याचा नेहमीचा भाग ठरलं, तर ठेकेदार पळाला तरी ही रक्कम मूळ मालकाकडून वसूल होऊ शकते. ‘माझा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आणि पैशावर ते थांबत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या कायद्यात ती दोन वर्षांची होती. माणूस पडायची वाट पाहायचीही गरज नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणारं निष्काळजी कृत्य हाच कलम १२५ खाली गुन्हा आहे. एप्रिलपासून आमचे अर्ज याच कलमाचा आधार घेऊन जातील, सोबत फोटो असतील, तारीख-वेळ असेल, आणि कारखान्याची शेड असेल तर एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला जाईल.

वही आणि कागद या विषयावर थोडं थांबतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झालेला कामगार कामावर असताना गेला तर घरच्यांना मंडळाकडून ५ लाख मिळतात. मुलांना शिष्यवृत्ती मिळते. हा पैसा तुमच्या खिशातला नाही. बांधकामावर जो एक टक्का उपकर भरला जातो त्यातला आहे. तरी तुम्ही दाखल्यावर सही करत नाही, कारण सही केली की तो तुमचा माणूस ठरतो. एकाच माणसाला तीन ठेकेदारांकडे तीस-तीस दिवस काम मिळतं आणि तिघंही हात वर करतात. वर्षानुवर्षं छपरावर राबणारा माणूस कागदोपत्री कामगारच नसतो. टोळी दहाच्या आत दाखवली की कायदा लागत नाही, म्हणून चौदा जणांच्या दोन वह्या करणारेही आमच्यासमोर आहेत. अशा दोन्ही वह्या आम्ही पाहिल्या आहेत.

आता अटी. पहिली अट शिक्षणाची, आणि तिच्यात एका शब्दाचाही बदल होणार नाही. नवा मुलगा पहिला मोसम जमिनीवर आणि माळ्यावर काढील. कौलं उतरवणं, निवडणं, रिपा कापणं, दोर बांधणं, फळ्या लावणं त्याने शिकायचं. दुसऱ्या मोसमात तो वळचणीला येईल, मिस्त्रीच्या नजरेखाली. आढ्यापर्यंत कधी जायचं हे मिस्त्री ठरवील. मुकादमाचा त्याच्याशी संबंध नाही. या काळात त्याला पूर्ण हजेरी मिळाली पाहिजे. शिकतोय म्हणून अर्धी, असं चालणार नाही. शिकवणाऱ्या मिस्त्रीलाही त्याच्या वेळाचा मोबदला द्या. साठीच्या पुढचे आमचे मिस्त्री आता वर जाऊ शकत नाहीत, पण खाली खुर्ची टाकून पाच पोरांना नीट घडवू शकतात. त्यांच्या डोक्यात जे आहे ते त्यांच्यासोबत जायला नको, आणि त्यासाठी फार वर्षं हातात नाहीत.

सरकारकडून हे काम होईल म्हणून थांबू नका. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार आहे, गवंडी आहे, लोहार आहे, कुंभार आहे. छप्पर शाकारणारा त्या यादीत नाही. आमच्यातले काही सुतार म्हणून तिथे नाव लावतात, अवजारांचे पैसे मिळवतात, ते ठीकच आहे. आयटीआयमध्येही सुतारकाम, वेल्डिंग, पत्रेकाम शिकवतात, पण फुटक्या कौलावर वजन कसं वाटून द्यायचं ते छपरावरच शिकावं लागतं. ते शिकवायची जबाबदारी धंद्याची आहे, म्हणजे तुमची आणि आमची. आमचा वाटा उचलायला आम्ही तयार आहोत. शिकवायला कधीही नाही म्हटलेलं नाही. तुम्ही पोरगा सकाळी आणता आणि संध्याकाळपर्यंत मिस्त्री मागता, ते मात्र शक्य नाही.

आणि हे काम शिकायला वेळ का लागतो, तेही ऐका. मंगलोरी कौल १८६५ पासून या किनाऱ्यावर बनतं. बासल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासून. दीडशे वर्षांत त्याची घडण फारशी बदलली नाही, आणि ते बसवायची रीतही नाही. वळचणीपासून वर ओळ लावत जायचं, प्रत्येक कौलाची खाच रिपेवर बसली पाहिजे, कडेची खोबण शेजारच्या कौलात घट्ट गेली पाहिजे. एक रीप अर्धा इंच चुकली तर आढ्यापाशी पोचेस्तोवर सगळी पाख तिरपी होते. उतार कमी पडला की वाऱ्याच्या झोताने पाणी कौलाखाली उलटं सरतं आणि भिंत ओली होते. कौल चिरलेलं आहे की साबूत, हे बोटाने वाजवून कळतं. साबूत कौल खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं. हे कानाला कळायला हजारो कौलं हातांखालून जावी लागतात.

ती हातांखालून घालणाऱ्या बहुतेक बायका असतात, हे इथे मुद्दाम लिहितो. खालून वर कौलांची साखळी चालते, तिच्यात उभ्या असलेल्या आमच्या वहिनी, आत्या, मावश्या दिवसाला शेकडो कौलं वाजवून पुढे देतात. कौल निवडण्यात त्यांचा हात धरणारा मिस्त्री विरळा. त्यांना तुम्ही बाईची हजेरी देता. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ पासूनचा आहे. माणसं मिळत नाहीत म्हणून रडायचं आणि ज्या कामावर आहेत, ज्यांना काम येतं, त्यांना अर्ध्या-पाऊण हजेरीवर ठेवायचं, हे दोन्ही एकदम चालणार नाही. त्यांच्यातल्या ज्यांना रिपा ठोकायचं, पत्र्याला हुक मारायचं शिकायचं असेल त्यांना पहिल्या अटीप्रमाणेच शिकवलं जाईल. ही दुसरी अट.

तिसरी अट सामानाची. फळ्या, बेल्ट, दोर, बूट हे ठेकेदाराने आणायचं, आणि ते काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी साइटवर दिसलं पाहिजे. कामगाराच्या हजेरीतून त्याचे पैसे कापायचे नाहीत. पाऊस पडत असताना, ओल्या शेवाळावर, वारा सुटलेला असताना कोणीही वर जाणार नाही आणि त्या दिवसाची हजेरी बुडणार नाही. अवकाळी येतो तेव्हाच मालकाची घाई वाढते, हे आम्हाला ठाऊक आहे. जुना सिमेंटचा पत्रा कापायचा, फोडायचा असेल तर त्यात असलेल्या ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाते आणि तिचा आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. तो पत्रा ओला करून, हुक काढून, अख्खा उतरवायचा. कोरडा असताना ग्राइंडर मारायचा नाही. नाकाला रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही, योग्य मास्क द्यावा लागतो.

चौथी अट कागदाची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देण्याची तरतूद आहे. आमच्या अटीत ते प्रत्येकाला मिळेल, टोळी पाच जणांची असली तरी. त्यावर पूर्ण नाव, वय, गाव, घरचा फोन नंबर आणि ठरलेली हजेरी असेल. अठरा वर्षांखालचा कोणी छपरावर दिसता कामा नये. हजेरी आठवड्याच्या आठवड्याला द्यायची. उचल देऊन माणूस मोसमभर बांधून ठेवायचा प्रकार बंद. उचल फेडायची राहिली म्हणून आजारी माणूस वर चढलेला आम्ही पाहिला आहे. आणि ९० दिवसांच्या दाखल्यावर, जेवढे दिवस तुमच्याकडे काम केलं तेवढ्या दिवसांची सही तुम्ही द्यायची.

एवढं केलंत तर माणसं मिळतील. मुंबईला गेलेली आमची काही मुलं आजही फोनवर विचारतात, गावात बारमाही काम आहे काय. बारमाही काम होऊ शकतं. कारखान्यांची छपरं नोव्हेंबरपासून करायला घ्या, घरांची माघापासून. दिवाळी झाल्यावर पाखी उघडून बघितली तर मे महिन्यात कोणाला घाई करावी लागणार नाही. हे तुमच्या हातात आहे. खर्चही कमी होतो, कारण वाळवी लागलेला एक वासा डिसेंबरात बदलला तर मे महिन्यात पाच बदलावे लागत नाहीत.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा काय झालं, ते या पट्ट्यात कोणी विसरलेलं नाही. टाळेबंदीमुळे परराज्यातली माणसं घरी गेलेली, कौलं मिळत नव्हती, पत्र्याच्या भावाला धरबंध राहिला नव्हता, आणि छपराविना घरांवर पावसाळा सुरू झालेला. तेव्हा आम्ही ताडपत्र्या बांधत फिरलो, पैशांचं कोणी बोललं नाही. पण तेव्हाच ज्याला हातोडा धरता येतो तो मिस्त्री, अशी रीत पडली. पत्रे कमी हुकांवर बसवले गेले. वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याला. तिथे हुक दाट हवेत, तिथेच ते वाचवले गेले. वर्षभरात, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते आलं. तशी वादळं पुन्हा येतील. घाईत, न शिकलेल्या हातांनी बसवलेलं छप्पर तेव्हा उडतं आणि त्याखाली तुमचीच माणसं असतात, तुमचंच धान्य, तुमचंच सामान असतं.

घरमालकांना वेगळं सांगतो. ठेका देताना दराआधी चार गोष्टी विचारा. वर कोण चढणार, त्याचं नाव काय? त्याने किती मोसम केलेत? फळ्या आणि बेल्ट कुठे आहेत, मला दाखव. माणसाची नोंदणी आहे का? यांतल्या एकालाही सरळ उत्तर मिळालं नाही तर ठेका देऊ नका, मग दर कितीही कमी असो. तुमच्या अंगणात माणूस पडला तर तुम्ही ते अंगण ओलांडू शकणार नाही. आणि ज्यांना आम्ही ओळखतो, ज्यांच्या घरी आमच्या बापजाद्यांनी वासे घातले, त्यांच्याकडूनही आम्ही हेच मागणार आहोत. ओळखीवर सूट नाही.

मुकादमांना एवढंच, की स्टँडवरून माणसं उचलायची तर उचला, रोजगार त्यांनाही हवा. परराज्यातून आलेल्या पोरांशी आमचं भांडण नाही, ती आमच्याच हाताखाली शिकली तर आम्हाला आनंद आहे. काही शिकलीही आहेत, उत्तम काम करतात आणि आज आमच्या बरोबरीने हजेरी घेतात. आमचा आक्षेप तुमच्या त्या एका प्रश्नावरच्या भरतीला आहे.

चर्चा करायची तर ३१ मार्चपर्यंत कधीही या. दर, मुदती, किती मुलं एका मिस्त्रीच्या हाताखाली द्यायची, सामान भाड्याने घ्यायचं की विकत, यांवर बोलता येईल. बेल्ट, फळ्या, नोंद आणि पहिल्या मोसमाची अट यांवर बोलणी होणार नाहीत. ज्यांना अटी मान्य आहेत त्यांनी ठेक्याच्या कागदावर त्या लिहून, सही करून, एक प्रत आमच्याकडे द्यावी. त्यांची कामं आधी धरली जातील आणि मृगाच्या आत पुरी करून देण्याची जबाबदारी आमची. तोंडी होकार आम्ही धरणार नाही. तोंडी होकार आम्हाला दर वर्षी मिळाला आहे. १ एप्रिलला सकाळी ज्यांच्याकडून कागद आलेला नसेल, त्यांच्या साइटवर आम्ही हत्यारं घेऊन येणार नाही, कॅमेरा घेऊन येऊ.